नवा राउटर बसवल्यावर बीपी मशीनचं रीडिंग मोबाइलवर येईना: मला सापडलेला उपाय

आई कराडला, मी पुण्यात. तिच्या वायफायच्या बीपी मशीनचं रीडिंग रोज सकाळी माझ्या मोबाइलवर यायचं. घरी नवा राउटर बसला आणि ते थांबलं. पट्टा फुगायचा, आकडे दिसायचे, पण वायफायची खूण लुकलुकून विझायची. सेल बदलले, अ‍ॅप काढून परत टाकलं, मशीन रीसेट केलं. आठ दिवस जीव टांगणीला.

दोष मशीनचा नव्हताच. त्याला वायफायच्या लहरींचा फक्त 2.4 गिगाहर्ट्झ बँड चालतो आणि सुरक्षा डब्ल्यूपीए2 (वायफायच्या सुरक्षेची जुनी पद्धत) लागते. नव्या राउटरवर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ हे दोन्ही बँड एकाच नावाखाली, शिवाय सुरक्षा डब्ल्यूपीए3 या नव्या पद्धतीची.

शनिवारी कराडला जाऊन आधी राउटरचं सेटिंग उघडलं (आमच्याकडे ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकून, तुमचा पत्ता राउटरच्या स्टिकरवर बघा). दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवणारं स्मार्ट कनेक्ट बंद केलं. 2.4 ला वेगळं नाव दिलं. त्याची सुरक्षा 'डब्ल्यूपीए2-पीएसके, एईएस' या पर्यायावर ठेवली. सेव्ह करून राउटर रीस्टार्ट केला. मग फोन त्याच 2.4 च्या नावाला जोडला. मी आधी इथेच चुकलो होतो, फोन 5 वर राहिला की मशीन सापडतच नाही. शेवटी अ‍ॅपमधून मशीन काढून नव्याने जोडलं.

आईने पट्टा बांधला. "आलं का रे?" ती विचारेपर्यंत 132/80 माझ्या फोनवर उमटलं होतं.