माल संपला तरी पान राहू द्या : ऑनलाइन दुकानातील शोधक्रमांक सांभाळण्याची रीत

ऑनलाइन दुकानातील एखादा माल संपला की पुष्कळ दुकानदार त्याचे पान काढून टाकतात आणि नवा माल आला की नवे पान तयार करतात. गोदामाच्या हिशेबाला ही पद्धत सोयीची असली, तरी गुगलच्या लेखी पानाचा जुना पत्ता (यूआरएल) आणि नवा पत्ता ही दोन वेगळी पाने असतात. जुन्या पत्त्याला इतर संकेतस्थळांवरून मिळालेले दुवे आणि शोधनिकालांत हळूहळू मिळालेली जागा यांतले काहीही नव्या पत्त्याकडे आपोआप जात नाही. म्हणून साठा संपणे ही पानाची एक अवस्था मानावी आणि पान काढण्याचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा. त्यासाठी पहिला प्रश्न एकच : हा माल परत येणार आहे का?

परत येणारा माल

देवगड किंवा रत्नागिरीच्या हापूसची थेट विक्री करणारे दुकान घेऊ. मुख्य विक्री मार्च ते मे, पाऊस सुरू झाला की हंगाम आटोपला, आणि त्यानंतरचे सात-आठ महिने पानावर विकायला काहीच नाही. अशा दुकानांत सर्रास दिसणारी गोष्ट म्हणजे पत्त्यातच वर्ष घातलेले असते, ‘देवगड-हापूस-२०२४’, मग ‘देवगड-हापूस-२०२५’. दर वर्षी नव्या पत्त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते आणि गुगलला तो पुरेसा परिचित होईपर्यंत अक्षय्यतृतीया उलटून जाते. पत्ता वर्षाविना ठेवावा. वर्ष, दर आणि बुकिंगची तारीख पानाच्या मजकुरात बदलावी. वर्षांचे जुने पत्ते आधीच तयार झाले असतील, तर ते सर्व ३०१ प्रकारच्या कायमस्वरूपी रिडायरेक्टने (जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप दुसऱ्या पत्त्यावर नेणारी सोय) एका स्थायी पत्त्याकडे वळवावेत. वळवताना २०२३ वरून २०२४ कडे आणि तिथून पुढे अशी साखळी करू नये. प्रत्येक जुना पत्ता थेट शेवटच्या पत्त्यावर नेऊन सोडावा.

हंगाम संपल्यावर पान उघडे ठेवावे, म्हणजे सर्व्हरने २०० (‘पान आहे’) हाच संकेत द्यावा. मात्र पानावर छायाचित्र, वर्णन सगळे काढून ‘क्षमस्व, हे उत्पादन सध्या उपलब्ध नाही’ एवढीच ओळ उरली, तर गुगल त्या पानाला सॉफ्ट ४०४ ठरवू शकते (४०४ म्हणजे ‘पान सापडले नाही’ हा संकेत). सर्व्हर ‘पान आहे’ असे सांगत असतो, पण मजकूर ‘येथे काही नाही’ असे सांगतो, आणि अशा वेळी गुगल मजकुरावर विश्वास ठेवून पान सूचीतून वगळते. म्हणून पेटीतील फळांचे वजन, डझनाचा हिशेब, पिकवण्याची पद्धत, भौगोलिक मानांकनाची माहिती (हापूसला ते २०१८ मध्ये मिळाले) आणि ग्राहकांचे अभिप्राय जागेवरच राहू द्यावेत. वरच्या भागात, दराच्या शेजारी, अशी सूचना लिहावी :

‘यंदाचा देवगड हापूस संपला आहे. पुढील हंगामाचे बुकिंग फेब्रुवारीत सुरू होईल. आपला व्हॉट्सॲप क्रमांक नोंदवल्यास दर ठरताच कळवू.’

या तीन वाक्यांत ग्राहकाला हवे ते सर्व आहे : काय झाले, माल पुन्हा केव्हा येईल, आणि तोवर त्याने काय करावे. खाली आमरसाचे डबे आणि आंबापोळी यांचे दुवे द्यावेत. कोकम आगळापासून काजूपर्यंत सगळे दुकान तिथे मांडण्याचा मोह होतो. पण आंबा शोधत आलेल्या माणसाला आंब्याच्या जवळचेच काही दाखवलेले बरे.

पानामागील संरचित माहितीतही (शोधयंत्रांना वाचता यावी म्हणून ठरावीक रचनेत दिलेली माहिती) हाच बदल व्हायला हवा. स्कीमा डॉट ऑर्गच्या शब्दसंग्रहात उपलब्धतेसाठी ‘इनस्टॉक’, ‘आउटऑफस्टॉक’, ‘प्रीऑर्डर’, ‘बॅकऑर्डर’, ‘डिस्कंटिन्यूड’ अशी ठरलेली मूल्ये आहेत. बहुतेक थीम साठ्याच्या आकड्यावरून ती आपोआप भरतात, तरीही गुगलच्या रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये पान एकदा तपासावे, कारण कॅशमध्ये (साठवून ठेवलेल्या प्रतीत) अडकलेले जुने पान ‘उपलब्ध’ असेच सांगत राहते. मर्चंट सेंटरमध्ये (गुगलवर माल दाखवण्यासाठी दुकानदार त्याची माहिती देतात ती जागा) पाठवलेली माहिती आणि पानावरील माहिती यांत तफावत आढळली, तर तो माल नामंजूर होऊ शकतो. ‘प्रीऑर्डर’ किंवा ‘बॅकऑर्डर’ हे मूल्य, खरोखर ऑर्डर स्वीकारत असाल आणि माल केव्हा मिळेल ती तारीख देऊ शकत असाल, तरच वापरावे. मर्चंट सेंटर त्या दोन्हींसाठी तारीख मागतेच. साठा संपल्याचे लपवून जुलै महिन्यात ‘उपलब्ध’ लिहून ठेवल्याने एखादा क्लिक जास्त मिळेल, पण पानावर येऊन निराश झालेला ग्राहक पुढच्या वर्षी दुसऱ्याच दुकानात शोधील.

तात्पुरत्या टंचाईत दोन उपाय मात्र टाळावेत. नोइंडेक्सची (‘हे पान सूचीत घेऊ नका’ असे सांगणारी) खूण लावली की पान सूचीतून जाते आणि खूण काढल्यावर ते परत कधी येईल हे दुकानदाराच्या हाती राहत नाही. रोबॉट्स डॉट टीएक्सटीमध्ये (शोधयंत्रांनी कोणती पाने वाचू नयेत हे सांगणारी फाइल) पान अडवले, तर गुगलला ते वाचताच येत नाही, त्यामुळे माल परत आल्याची बातमीही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

दुकानाच्या प्रणालीतील सेटिंगही पाहून घ्यावे. वूकॉमर्समध्ये संपलेला माल कॅटलॉगमधून लपवण्याचा एक पर्याय साठ्याच्या सेटिंगमध्ये आहे. त्यावर टिक केली की पान शिल्लक राहते, परंतु वर्गवारीच्या पानांवरून त्याकडे जाणारे दुवे नाहीसे होतात आणि ते दुकानाच्या आत असूनही एकटे पडते. त्यापेक्षा संपलेला माल यादीत शेवटी नेणे चांगले. शॉपिफायमध्ये उत्पादन ‘ड्राफ्ट’ केले, तर ग्राहकाला ४०४ दिसते. ‘थोडे दिवस बंद ठेवू’ म्हणून केलेली ही कृती प्रत्यक्षात पान काढण्यासारखीच ठरते.

लोक आंबा प्रत्यक्ष बाजारात येण्याच्या आधीपासून शोधू लागतात, म्हणून पानाची डागडुजी जानेवारीतच करावी. सर्च कन्सोलमध्ये (संकेतस्थळाच्या मालकासाठी असलेले गुगलचे साधन) शोधातील कामगिरीची माहिती १६ महिन्यांपर्यंतचीच राहते. एवढ्या अवधीत मागचा पूर्ण हंगाम बसतो, पण त्याच्या आधीचा हंगाम निघून जातो. तेव्हा दर वर्षी जूनमध्ये ती माहिती उतरवून ठेवावी आणि कोणत्या आठवड्यात कोणते शब्द शोधले जाऊ लागले ते पाहावे. साठा भरल्यावर तिथल्याच यूआरएल तपासणीतून पुन्हा सूचीकरणाची विनंती करावी आणि साइटमॅपमध्ये (संकेतस्थळावरील पानांची यादी देणारी फाइल) शेवटच्या बदलाची खरी तारीख द्यावी. साइटमॅपमधील प्राधान्य आणि बदलाची वारंवारता हे दोन रकाने गुगल विचारात घेत नाही, त्यामुळे त्यांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

एकच नग असलेला माल

हातमागावरच्या पैठणीचे गणित वेगळे आहे. येवल्यात विणलेला एक विशिष्ट नग विकला गेला की तो पुन्हा येत नाही. अशा दुकानात शोधक्रमांक मिळवण्याचे काम एकेका साडीच्या पानाकडून करून घेऊ नये; ‘बांगडी मोर पैठणी’, ‘मुनिया काठाची पैठणी’ अशी वर्गवारीची पाने समृद्ध करावीत, कारण माल बदलत राहिला तरी तीच टिकतात. विकलेल्या साडीच्या पानाला ना भेटी ना बाहेरचे दुवे असतील, तर ते निःसंकोच ४०४ किंवा ४१० (‘पान कायमचे काढले’) होऊ द्यावे. गुगल या दोन्ही संकेतांना जवळपास सारखेच वागवते, आणि सर्च कन्सोलच्या यादीत ४०४ दिसले म्हणजे संकेतस्थळाला शिक्षा झाली असे नसते. पानाला भेटी येत असतील, तर ‘ही साडी विकली गेली’ असे लिहून छायाचित्र ठेवावे, तशाच काठपदरातील उपलब्ध साड्या दाखवाव्यात आणि विणकर तशी दुसरी विणून देणार असेल तर मागणीचा अर्ज जोडावा. रिडायरेक्ट करायचे ठरलेच, तर नेमक्या वर्गवारीकडे करावे. सगळी मृत पाने मुखपृष्ठाकडे वळवण्याची सवय वाया जाते, कारण असंबद्ध रिडायरेक्टला गुगल सॉफ्ट ४०४ मानू शकते. फक्त एखादा रंग किंवा माप संपले असेल, तर पानाला हातच लावू नये, तेवढा पर्याय निष्क्रिय दाखवावा.

बंद झालेले मॉडेल

मिक्सरचे जुने मॉडेल कंपनीने बंद केले आणि त्याच कामाचे नवे आले, तर सहसा नव्या पानाकडे ३०१ करणे योग्य. पण इथे घाई नको. जुन्या मिक्सरचे भांडे, पाते, कपलर शोधणारे लोक ते मॉडेल बंद झाल्यावरही बरीच वर्षे येत राहतात; शोधशब्दांत ‘जार’ किंवा ‘पार्ट’ दिसत असेल, तर पान ठेवून ‘उत्पादन बंद’ असे स्पष्ट लिहावे, संरचित माहितीत ‘डिस्कंटिन्यूड’ द्यावे आणि सुट्या भागांचा दुवा नव्या मॉडेलच्या दुव्याच्याही वर ठेवावा.

काहीही काढण्यापूर्वी एका शीटमध्ये पत्ता, वर्षभरातील क्लिक, बाहेरचे दुवे आणि घेतलेला निर्णय असे चार रकाने भरून ठेवावेत. रिडायरेक्ट किमान एक वर्ष राहू द्यावे, अशी गुगलची सूचना आहे. शक्य असेल तर ते काढूच नये, मात्र आपल्याच मेनूतील आणि वर्गवारीतील दुवे त्यांच्या भरवशावर न ठेवता नव्या पत्त्याने बदलून घ्यावेत. शॉपिफायमध्ये जुने पान जिवंत असेपर्यंत त्या पत्त्यावरचे रिडायरेक्ट लागू होत नाही, म्हणून आधी पान काढावे आणि लगेच ब्राउझरच्या खाजगी खिडकीत जुना पत्ता उघडून तो योग्य ठिकाणी जातो की नाही हे पाहावे.