ईश्वरसिद्धीचा युक्तिवाद कसा तपासावा

देव आहे की नाही, हा प्रश्न तासभर बाजूला ठेवा. युक्तिवाद कागदावर घ्या, एका ओळीत एकच विधान. निम्मे घोळ तिथेच उघडे पडतात.

न्यायदर्शनाची, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेची, मांडणी सरावाला उत्तम. पक्ष (ज्याच्याबद्दल वाद आहे ते): अंकुर वगैरे. साध्य (जे सिद्ध करायचं ते): त्यांना कर्ता आहे. हेतू (त्यासाठी दिलेलं कारण): ती कार्यं, म्हणजे निर्माण झालेल्या वस्तू, आहेत. दृष्टांत: घट. आता व्याप्ती पाहा, म्हणजे ‘जे जे कार्य, त्याला कर्ता असतोच’ हे टिकतं का. विरोधक इथे उपाधी, म्हणजे व्याप्तीमागची छुपी अट, काढतात: घटाचा कर्ता देहधारी असतो. उपाधी खरी ठरायला दोन अटी आहेत. जिथे साध्य तिथे ती हवीच, आणि हेतू असूनही ती नाही अशी जागा सापडायला हवी. ‘देहधाऱ्यानं घडवलेलं असणं’ घटात आहे, अंकुरात नाही. वरवर दोन्ही अटी पुऱ्या होतात. पण घाई नको. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारा, म्हणतो, कर्ता म्हणजे ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न असलेला, देह त्यात येतच नाही. शिवाय अंकुर पक्षातच आहे, वाद ज्याच्यावर चाललाय तेच माझ्याविरुद्ध उदाहरण कसं? हे उत्तर ऐकल्याशिवाय खंडन पुरं झालं असं समजू नका.

मध्ययुगीन मुस्लिम विचारवंत अल्-गझालीचा युक्तिवाद असा: जे सुरू होतं त्याला कारण असतं, विश्व सुरू झालं, म्हणून विश्वाला कारण आहे. यावर ‘मग देवाला कोणी निर्माण केलं?’ हा लाडका प्रश्न फुकट जातो, कारण पहिलं विधान फक्त सुरुवात असलेल्या गोष्टींबद्दल आहे. जोर दुसऱ्या विधानावर लावा.

ख्रिस्ती धर्मपंडित अँसेल्मचा (१०७७-७८) युक्तिवाद निव्वळ संकल्पनेवर उभा आहे: ज्याहून थोर कल्पिताच येत नाही ते केवळ मनात असेल, तर प्रत्यक्षात असलेलं त्याहून थोर ठरेल. त्याच काळातल्या गाउनिलो या ख्रिस्ती भिक्षूनं त्याच साच्यात सर्वोत्तम बेट बसवून दाखवलं. ही युक्ती कुठेही वापरा: रचना तीच ठेवा, नाम बदला. निष्कर्ष हास्यास्पद आला तर कुठेतरी चूक आहे हे कळतं. कुठे, ते मात्र कळत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७८१ मध्ये ती जागा दाखवायचा प्रयत्न केला: अस्तित्व हा वस्तूच्या गुणांत भर घालणारा गुण नव्हे.

सर्वांत जास्त निसटते ती शेवटची उडी. ‘पहिलं कारण’ सिद्ध झालं, तरी ते एकच, सर्वज्ञ आणि दयाळू आहे हे त्यातून आपोआप निघत नाही. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसही ईश्वरसिद्धीच्या आपल्या पाच युक्तिवादांनंतर (‘पाच मार्ग’) ईश्वराचं एकत्व आणि चांगुलपणा स्वतंत्र प्रश्नांत सिद्ध करायला बसतो.