चहा नको, पण गरम काहीतरी हवं

चहा मला कधीच रुचला नाही. दोन घोटांत जीभ कोरडी पडते, दात खरखरीत लागतात. हा सगळा टॅनिनचा, म्हणजे चहातल्या तुरट द्रव्याचा प्रताप. पण गार सकाळी हातात गरम कप हवासा वाटतोच, म्हणून वनस्पतींच्या पेयांकडे वळलो.

पहिली फजिती कॅमोमाइल या सुक्या फुलांच्या पेयाने केली. दोन मिनिटांत पिशवी बाहेर काढली आणि प्यायलो, तर ओल्या गवताचं पाणी! डबा कपाटात मागे ढकलला. काही महिन्यांनी सहज कपावर बशी झाकून आठ मिनिटं विसरलो. बशी उचलली तर चक्क सफरचंदासारखा वास. उघड्या कपातून सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं, एवढीच गोम होती. आता बशीखाली जमलेले थेंबही मी कपात झटकून घेतो.

दुसरी चूक म्हणजे मी चहासारखं काहीतरी शोधत होतो. मला आवडतं आंबट. मग लाल अंबाडीची सुकी बोंडं आणली. रंग गडद लाल, चव चांगलीच आंबट, आणि गार पाण्यात रात्रभर भिजवली तरी छान उतरतात. हे माझं रोजचं झालं.

रूइबॉसमध्ये (दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाच्या पानांचं पेय) कॅफिन नसतं, टॅनिनही कमी. दहा मिनिटं ठेवला तरी कडवट होत नाही. पुदिना मस्तच, पण माझी छाती जळजळते, म्हणून तो क्वचितच. ज्येष्ठमध मात्र फार गोडमिट्ट. शिवाय जास्त घेतलं तर रक्तदाब वाढतो, त्यामुळे तो डबा देऊन टाकला.