मारिओचे जुने खेळ पुन्हा खेळायचे असतील तर

नव्वदच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत ज्यांनी टीव्हीला व्हिडिओ गेम जोडून मारिओ खेळला, त्यांच्यापैकी बहुतेकांचा तो पूर्ण झालेला नसतो. तिसऱ्या-चौथ्या वर्ल्डपर्यंत मजल जायची, तोवर बातम्यांची वेळ व्हायची आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागायचे. तो खेळ आज पुन्हा हाती घ्यायचा असेल, तर केवळ आठवणींखातर घेऊ नये. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला आणि सप्टेंबर १९८५ मध्ये जपानमध्ये आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ एका शब्दाचीही सूचना न देता खेळणाऱ्याला शिकवत जातो, आणि हे शिकवणे मोठेपणी, सावकाश खेळतानाच नीट दिसते.

खेळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मारिओचीच कंपनी असलेल्या निन्टेन्डोचे स्विच हे यंत्र आणि त्याचे ऑनलाइन सदस्यत्व. जुने खेळ त्यात मिळतात, मात्र ‘सुपर मारिओ ६४’साठी वरच्या दराचे सदस्यत्व घ्यावे लागते. घरात जुने यंत्र आणि कॅसेट जपून ठेवली असेल, तर कॅसेटमध्ये फुंकर मारण्याची सवय मात्र सोडावी, कारण श्वासातल्या ओलाव्याने तिचे धातूचे संपर्क गंजतात. कापसाच्या काडीवर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ते हलक्या हाताने पुसावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. नव्या टीव्हीवर ‘गेम मोड’ सुरू करावा. तो नसेल तर बटण दाबणे आणि मारिओने उडी मारणे यांत किंचित अंतर पडते, आणि या खेळात तेवढे अंतरही खड्ड्यात पडायला पुरेसे असते. आणखी एक बाब लक्षात ठेवावी. आपल्याकडे तेव्हा मिळणारी यंत्रे बहुतांशी फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या मूळ जपानी यंत्राच्या नकला होत्या आणि आपले टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारे होते, तर जपान आणि अमेरिकेत ते ६० वेळा बदलत असे. त्यामुळे त्या यंत्रांवर सरावलेल्या हाताला मूळ खेळ आज थोडा वेगवान वाटू शकतो. पहिला अर्धा तास चुका झाल्या तर वय झाले असे समजू नये.

आता वर्ल्ड १-१, म्हणजे पहिल्या वर्ल्डचा पहिला टप्पा. येथे घाई करू नये. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते, म्हणून कुठे जायचे हे आपोआप कळते. समोरून गूम्बा नावाचा छोटा शत्रू चालत येतो. त्याला धडकलो तर जीव जातो, पण तेव्हा गमावण्यासारखे काहीच कमावलेले नसते. पुढे प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून मश्रूम निघतो, उजवीकडे घरंगळत जातो, हिरव्या पाइपला आपटतो आणि उलटा आपल्याच दिशेने येतो. घाबरून उडी मारावी, तर डोक्यावर विटा असतात. त्यामुळे मश्रूम बहुतेक वेळा अंगाला लागतोच, मारिओ मोठा होतो, आणि ही वस्तू चांगली आहे हे खेळणारा स्वतःच शिकतो. शेवटाकडे पायऱ्यांच्या दोन जोड्या लागतात. पहिल्या जोडीच्या मध्ये जमीन आहे, दुसरीच्या मध्ये खड्डा आहे. उडीचा सराव आधी आणि धोका नंतर, हा क्रम पुढे वारंवार भेटतो, आणि तो ओळखू लागलो की ३२ टप्प्यांचा हा खेळ वेगळाच दिसतो. हे सारे अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेले आहे. जागा वाचवण्यासाठी ढग आणि झुडूप यांची आकृती एकच ठेवून फक्त रंग बदलला आहे.

हाताची सवय नव्याने लावावी लागेल. अंगठ्याचे टोक धावण्याच्या बी बटणावर दाबून ठेवावे आणि त्याच अंगठ्याचा सांधा ए बटणावर झुकवून उडी मारावी. ए जितका वेळ दाबून ठेवाल तितकी उडी उंच जाते. बी सोडून चालत खेळणाऱ्याला आठव्या वर्ल्डमधले खड्डे पार होणे अवघड आहे.

स्विचवर खेळ मागे नेण्याची सोय आहे. ती सरसकट वापरू नये असे माझे ठाम मत आहे, कारण चुकीची किंमतच उरली नाही तर वरची सगळी रचना निष्प्रभ होते. एखादी अवघड उडी घोटवायची असेल तर ती जरूर वापरावी. सगळे जीव संपले तर सुरुवातीच्या पडद्यावर ए दाबून ठेवून स्टार्ट दाबावे, म्हणजे ज्या वर्ल्डमध्ये खेळ संपला त्याच्या पहिल्या टप्प्यापासून सुरुवात होते. ही युक्ती मूळ खेळातलीच आहे. लहानपणी आम्हाला ती ठाऊक असती तर कितीतरी दुपारी सार्थकी लागल्या असत्या. ४-४ आणि ७-४ या किल्ल्यांत तोच भाग पुन्हापुन्हा समोर येऊ लागला, तर खेळ बिघडलेला नसून वाट चुकलेली असते. वरची-खालची वाट बदलून पाहावी.

यानंतर १९८६ चा जपानी दुसरा भाग बाजूला ठेवावा. तो पहिल्यात तरबेज झालेल्यांसाठीच आहे. थेट १९८८ चा तिसरा भाग घ्यावा, आणि त्यातल्या थेट पुढच्या वर्ल्डकडे नेणाऱ्या शिट्ट्या सापडल्या तरी वाजवू नयेत, नाहीतर मधली सुंदर वर्ल्ड निसटतात. १९९० च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये नकाशावरचे ठिपके पाहावेत: पिवळ्या ठिपक्याच्या टप्प्याला एक वाट आहे, तर लाल ठिपक्याच्या टप्प्याला दोन. एकूण ९६ वाटा शोधायच्या आहेत, आणि हा भाग मुलांसोबत बसून खेळायला सर्वांत चांगला आहे, कारण लाल ठिपका दिसला की सगळे घर दुसरी वाट सुचवू लागते.

१९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये १२० तारे आहेत आणि ७० मिळाले की शेवटच्या लढाईपर्यंत जाता येते. येथे कॅमेरा, म्हणजे मारिओकडे पाहण्याचा कोन, स्वतः फिरवावा लागतो आणि तो सुरुवातीला त्रास देतो. त्यासाठीच राजवाड्याबाहेर एकही शत्रू नसलेले मोठे अंगण ठेवले आहे. तिथे झाडांवर चढावे, पाण्यात पोहावे, गोल धावत कॅमेरा वळवून पाहावा. स्टिक अगदी हलकी झुकवली की मारिओ चवड्यांवर चालतो. पुढे झोपलेल्या मांसभक्षक झाडाजवळून त्याला न उठवता जाताना हेच चालणे उपयोगी पडते. त्या अंगणात दहा मिनिटे घालवून मगच राजवाड्याचे दार उघडावे.