ब्रिटनमध्ये दीर्घ निवासावर आयएलआर : अर्जाची वेळ ठरवताना जोडप्यांनी या चुका टाळा

दहा वर्षांच्या सलग कायदेशीर वास्तव्याच्या आधारावर ब्रिटनमध्ये आयएलआर, म्हणजे कायम निवासाची परवानगी, मागणाऱ्या जोडप्यांच्या अडचणी बहुधा एकाच समजुतीपासून सुरू होतात : संसार एक, तेव्हा अर्जही एकच. वर्षानुवर्षे मुख्य अर्जदार आणि डिपेंडंट, म्हणजे त्याच्या व्हिसाच्या आधारावर राहणारा जोडीदार, अशी जोडी लावून व्हिसाचे अर्ज भरण्याची सवय झालेली असते आणि त्याच सवयीने दीर्घ निवासाच्या अर्जातही जोडीदाराचे नाव घालण्याची जागा शोधली जाते. ती जागा तिथे नाही. या मार्गात डिपेंडंट हा प्रकारच नसल्यामुळे पती आणि पत्नी या दोघांनीही आपापली दहा वर्षे स्वतंत्रपणे पूर्ण करावी लागतात, प्रत्येकाचा अर्ज वेगळा असतो आणि शुल्कही वेगळे असते. ९ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दराने हे शुल्क माणशी ३,०२९ पौंड होते आणि अर्ज नामंजूर झाला तर ते परत मिळत नाही. त्यामुळे पहिल्याने अर्ज कधी करायचा, हे दुसऱ्याचा पुढचा मार्ग ठरल्याशिवाय ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्याच्या हाती कोणता व्हिसा आहे, हे न पाहता अर्ज करणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच, आणि ती करणाऱ्याला त्या वेळी कळतही नाही, कारण त्याचा स्वतःचा अर्ज सुरळीत मंजूर होतो. समजा, पती सप्टेंबर २०१५ मध्ये विद्यार्थी म्हणून आला, पदवी आणि संशोधन संपवून ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ राहण्याच्या परवानगीवर, राहिला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्याला स्किल्ड वर्कर व्हिसा, म्हणजे नोकरीच्या आधारावरचा व्हिसा, मिळाला. पत्नी मार्च २०२४ मध्ये त्याची डिपेंडंट म्हणून आली. सप्टेंबर २०२५ मध्ये पतीची दहा वर्षे भरली आणि त्याला आयएलआर मिळाले. आता पत्नीचे काय? पती कायम निवासी झाला त्या क्षणी त्याच्याकडे स्किल्ड वर्करची परवानगी होती आणि पत्नीकडे त्याच्या जोडीदाराची, म्हणून तिला त्याच मार्गावर मुदतवाढ घेत पाच वर्षे पूर्ण करता येतात आणि मार्च २०२९ च्या सुमारास ती कायम निवासासाठी पात्र ठरते. पतीने दीर्घ निवासाच्या नियमाखाली अर्ज केला म्हणून तिची गेलेली दीड वर्षे वाया जात नाहीत.

याउलट पती विद्यार्थी किंवा ग्रॅज्युएट व्हिसावर असतानाच कायम निवासी झाला, तर पत्नीला ज्यावर टेकता येईल असा मार्गच उरत नाही. तिला कायम निवासी व्यक्तीची जोडीदार म्हणून, म्हणजे स्पाउज व्हिसावर, जावे लागते. आणि तिथली पाच वर्षे पहिल्या दिवसापासून नव्याने मोजली जातात. डिपेंडंट म्हणून काढलेला काळ त्या पाच वर्षांत धरत नाहीत. शिवाय या व्हिसावर नव्याने येणाऱ्यांसाठी ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंडांच्या उत्पन्नाची अट आहे. मात्र पत्नी ब्रिटनमध्येच राहून कायदेशीर नोकरी करत असेल तर तिचेही उत्पन्न त्यात धरता येते. तिच्या स्वतःच्या दहा वर्षांच्या हिशेबात आधीचा डिपेंडंटचा काळ मोजला जातो, हे खरे. पण नुकत्याच आलेल्या व्यक्तीला त्याचा उपयोग फार उशिरा होतो. अशा जोडप्याने, नोकरीचा प्रस्ताव हाताशी असेल तर, पतीला आधी स्किल्ड वर्करवर जाऊ द्यावे आणि मग दीर्घ निवासाचा अर्ज करावा की नाही, याचा शांतपणे विचार करणे योग्य. अर्थात तसे केल्यास पुढची अट आडवी येते.

बारा महिन्यांची अट विसरणे

११ एप्रिल २०२४ रोजी दीर्घ निवासाचे नियम नव्या रूपात आले, तेव्हा त्यांत एक अट वाढली : अर्ज करताना व्यक्ती सध्याच्या मार्गावर, म्हणजे त्याच प्रकारच्या व्हिसावर, किमान बारा महिने असली पाहिजे. सध्याची परवानगी त्या तारखेपूर्वीच मिळालेली असेल तर ही अट लागू होत नाही. दहा वर्षे भरली तरी मार्ग नुकताच बदललेला असेल, तर थांबावे लागते. जोडप्यांना याचा फटका विशेष बसतो, कारण एकाला आयएलआर मिळाले की दुसऱ्याने स्पाउज व्हिसावर जाणे स्वाभाविक वाटते.

दोघेही विद्यार्थी म्हणून वेगवेगळ्या वर्षी आलेल्या जोडप्याचे उदाहरण पाहू. पतीला २०२५ च्या अखेरीस आयएलआर मिळाले. पत्नी १२ जानेवारी २०१७ रोजी आलेली, आज स्वतःच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर, आणि तो व्हिसा २० नोव्हेंबर २०२६ रोजी संपतो. तिची दहा वर्षे १२ जानेवारी २०२७ रोजी भरतात. अर्ज जास्तीत जास्त २८ दिवस आधी करता येतो, म्हणजे १५ डिसेंबर २०२६ पासून. व्हिसा त्याच्या २५ दिवस आधी संपतो. या २५ दिवसांसाठी तिने नोव्हेंबरमध्ये स्पाउज व्हिसा घेतला, तर बारा महिन्यांची अट नव्याने लागू होते आणि आयएलआरचा अर्ज थेट नोव्हेंबर २०२७ मध्ये जातो. तिने आपल्याच मार्गावर मुदतवाढ घेतली, तर १५ डिसेंबरची तारीख कायम राहते. किंवा स्पाउज व्हिसावर जायचेच असेल, तर तो बदल २०२५ च्या डिसेंबरमध्येच करायला हवा होता. एकाच घरातले तेच दोन निर्णय, पण क्रम चुकला की जवळजवळ एक वर्ष जाते. त्या वर्षाची किंमतही कमी नाही : ब्रिटनमध्ये राहून अडीच वर्षांचा स्पाउज व्हिसा घेण्याचे एप्रिल २०२५ चे शुल्क १,३२१ पौंड आणि आरोग्य अधिभार, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम, २,५८७.५० पौंड, मिळून ३,९०८.५० पौंड, म्हणजे आयएलआरच्या शुल्काहून जास्त.

गैरहजेरीचे दिवस एकत्र मोजणे

प्रवास जोडीने केलेले असले तरी दिवस जोडीने मोजू नयेत. ११ एप्रिल २०२४ पूर्वी सुरू झालेल्या प्रवासासाठी एका वेळी १८४ दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलेले चालत नाही. त्यानंतरच्या काळासाठी कोणत्याही सलग बारा महिन्यांत १८० दिवसांची मर्यादा आहे. ‘कोणत्याही’ हा शब्द महत्त्वाचा. जानेवारी ते डिसेंबर असे कॅलेंडर वर्ष धरून केलेला हिशेब बरोबर दिसतो आणि तरीही ऑक्टोबर ते पुढच्या सप्टेंबरच्या वर्षात मर्यादा ओलांडलेली असते. निघण्याचा आणि परतण्याचा दिवस गैरहजेरीत धरत नाहीत, ही थोडी सवलत.

बाळंतपणासाठी पत्नी सात महिने मायदेशी राहिली आणि पती तीन आठवड्यांत परतला, अशी कुटुंबे थोडी नाहीत. पतीच्या नोंदी स्वच्छ असतात, पत्नीच्या दहा वर्षांत मात्र तिथेच खंड पडतो आणि मोजणी परतल्याच्या तारखेपासून पुन्हा सुरू होते. जवळच्या नातेवाइकाचा जीवघेणा आजार यांसारखी अपवादात्मक कारणे पुराव्यानिशी मांडता येतात, पण सोय म्हणून लांबवलेला मुक्काम त्यात बसत नाही. दोघांचे तक्ते वेगळे करावेत आणि प्रत्येक प्रवास पासपोर्टवरील शिक्के व तिकिटांच्या ईमेलशी ताडून पाहावा. पर्यटक व्हिसावर घालवलेला काळ दहा वर्षांत धरत नाहीत. लग्नाआधी भेटीला म्हणून आलेले महिने हिशेबात घालण्याची चूक इथेच होते.

अर्ज प्रलंबित असताना प्रवास

एकाचा अर्ज मंजूर झाला की कुटुंब सुट्टीला निघते, आणि दुसऱ्याचा अर्ज अजून प्रलंबित असतो. अर्जदार ब्रिटन, आयर्लंड, आइल ऑफ मॅन आणि चॅनेल बेटे यांच्या सामाईक प्रवास क्षेत्राबाहेर गेला तर त्याचा अर्ज मागे घेतला असे समजले जाते. दोघांच्या अर्जांत काही महिन्यांचे अंतर असेल, तर सहलीची तारीख उशिराच्या अर्जावरून ठरवावी.

‘लाइफ इन द यूके’ ही चाचणी दोघांनाही स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावी लागते : २४ प्रश्न, ४५ मिनिटे, ७५ टक्के गुण. ब्रिटनमध्ये पदवी घेतलेल्या जोडीदाराला इंग्रजीच्या चाचणीची गरज पडत नाही आणि म्हणून दुसऱ्याला ती लागू शकते हे तो विसरतो. डिपेंडंट म्हणून आलेल्या जोडीदाराला मात्र ती बहुधा द्यावी लागते.

मुले आणि नागरिकत्व

दोघांपैकी एक जरी पालक कायम निवासी असताना ब्रिटनमध्ये जन्मलेले मूल जन्मतःच ब्रिटिश नागरिक असते. त्यापूर्वी जन्मलेल्या मुलाची, एका पालकाला आयएलआर मिळाल्यावर, अर्ज करून आणि शुल्क भरून नोंदणी करावी लागते. बाळाची चाहूल लागलेली असताना पात्र पालकाने अर्ज पुढे ढकलणे, हे म्हणूनच मला समजत नाही. परदेशात जन्मलेल्या मुलांना मात्र साधारणपणे दोन्ही पालक कायम निवासी होईपर्यंत थांबावे लागते.

नागरिकत्वाच्या बाबतीत आयएलआरनंतर सर्वसाधारणपणे बारा महिने थांबावे लागते, परंतु ब्रिटिश नागरिकाच्या पतीला किंवा पत्नीला ही प्रतीक्षा लागू नाही. तीन वर्षांचे वास्तव्य पुरते, आणि त्यात एकूण गैरहजेरी साधारण २७० दिवसांच्या आत, शेवटच्या वर्षात ९० दिवसांच्या आत असावी. पहिला जोडीदार आधी नागरिक झाला असेल तर दुसऱ्याचा नागरिकत्वाचा अर्ज आयएलआर मिळताच जाऊ शकतो. मे २०२५ च्या सरकारी श्वेतपत्रिकेपासून कायम निवासाचे नियम बदलण्याच्या हालचाली सुरू आहेत, तेव्हा वर दिलेली प्रत्येक तारीख आणि रक्कम अर्ज भरण्याच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर पुन्हा पडताळून पाहावी, आणि ती दोघांसाठी स्वतंत्रपणे पाहावी.