गुलमर्गची पिशवी भरताना

बाळा, यंदा माझे गुडघे नाही म्हणतायत, तेव्हा गुलमर्गच्या त्या दोन जुन्या स्नोमोबाईल तुझ्याकडे. इंजिन बघून बिचकू नकोस. टू-स्ट्रोकच आहेत, कार्बोरेटरवाल्या. लालबागच्या गॅरेजात आरएक्स हंड्रेडवर जे शिकलास तेच, फक्त सिलिंडर दोन आणि मागे चाकाच्या जागी पट्टा.

आधी जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं. नंबर मोठा तितकं पेट्रोल जास्त. कार्बोरेटर दोन, म्हणून मेन जेटचा प्रत्येक नंबर जोडीने घे, आत्ता बसवलेल्याच्या खाली चार आणि वर दोन. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब आपल्या समुद्रकाठच्या पाऊणपटीहूनही थोडा कमी. पण थंडी हवा दाट करते आणि गेलेल्यातलं थोडं परत देते. उणे १० अंशांचा हिशोब मांडला तर तिथली हवा मुंबईच्या हवेपेक्षा साधारण सहाव्या हिश्श्याने विरळ निघते. म्हणजे इथे गोड चालणारा जेट तिथे रिच पडणार, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. आता गंमत अशी की दुपारी ५ अंशांना जुळवलेलं मिक्श्चर पहाटे उणे १० ला लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, कारण तेवढ्यात हवा पाचेक टक्क्यांनी दाट झालेली असते. म्हणून सेटिंग पहाटेच्या थंडीचं धर. दुपारी रिच चाललं तर प्लग काळा होईल, पहाटे लीन चाललं तर पिस्टन जाईल. प्लग स्वस्त असतो.

कार्बोरेटरमधल्या नीडलच्या, म्हणजे सुईच्या, क्लिपा चार-पाच जास्तीच्या ठेव. हातमोजे काढून काम करताना एक तरी बर्फात पडतेच आणि मग सापडत नाही.

आता वाइडबँड गेज, म्हणजे मिक्श्चर रिच आहे की लीन ते आकड्यात दाखवणारं मीटर. याच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मीच त्याला फसलोय. हा गेज पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन हुंगतो. टू-स्ट्रोकमध्ये थोडं ताजं मिक्श्चर न जळताच पाइपात निसटतं, त्यातली हवा सेन्सरला लागते आणि आकडा सिलिंडरातल्यापेक्षा लीन दिसतो. रिच होऊन मिसफायर झालं तरी तेच. एका वर्षी आकडा लीन दिसतोय म्हणून मी जेट वाढवत गेलो, वाढवत गेलो, आणि शेवटी प्लग काढला तर ओलाचिंब काळा. आयडलचा आकडा तर बघूच नकोस.

निघण्याआधी इथेच सेन्सर उघड्या हवेत धरून कॅलिब्रेट कर. ऑक्सिजन २०.९ टक्क्यांच्या आसपास दिसला पाहिजे, आपल्या दमट हवेत किंचित कमी. गेज आणि कंट्रोलरची अर्थिंगची वायर एकाच जागी जोडायची, नाहीतर आकडा सरकतो. तिथे गेल्यावर सेन्सरच्या आधीचे एक्झॉस्टचे सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपास. बारीक फट बाहेरची हवा ओढते आणि गेज पुन्हा लीन बोलतो. गेज बंद ठेवून सेन्सर पाइपात राहू देऊ नकोस, काजळीने मरतो. आणि आकडा लॅम्डात लाव, म्हणजे नेमक्या मिक्श्चरला १. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती मिसळलंय यावर हवा-पेट्रोलच्या १४.७ या प्रमाणाचा अर्थ बदलतो, लॅम्डाचा १ बदलत नाही.

एक्झॉस्ट तापमानाचे प्रोब दोन्ही सिलिंडरांना पिस्टनपासून सारख्याच अंतरावर बसव, मगच त्यांची तुलना कर. दोन्ही उकळत्या पाण्यात बुडवून बघ: इथे १०० दाखवायला हवेत. तिथे मात्र पाणी ९१ च्या आसपासच उकळतं, तेव्हा गेजला शिव्या घालू नकोस. तिथे डाळही म्हणूनच शिजत नाही.

नवे प्लग आठ घे. फुल थ्रॉटलला पळवून तिथेच किल स्विच मारायचा, थ्रॉटल सोडून हळूहळू थांबायचं नाही. मग प्लग काढून पोर्सेलिनच्या तळाशी रंग भिंगातून बघायचा. गेज आणि प्लग यांचं पटलं नाही तर प्लगचं ऐक, आणि आधी इनटेकच्या रबरावर कार्ब क्लीनर मारून कुठे हवा घेतेय का ते शोध.

जुने जेट आणि फ्लोट बाउल (कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी) धुऊन दोन दिवस उन्हात ठेव. पेट्रोलचा वास आला तर विमानतळावर काढून घेतात. भिंग काकूच्या शिवणाच्या डब्यात आहे, विचारून घे.