नवा भुंगेरा? आधी चिठ्ठी लिहा

पहिला पाऊस झाला की आंबोलीत पांढरी चादर टांगून दिवा लावायचा. तासाभरात लांब मिशांचे भुंगेरे धडाधड येऊन आपटतात. एखादा अनोळखी दिसला की सोबतचं पोरगं ओरडतंच, "सर, नवीन!" मी म्हणतो, आधी चिठ्ठी. (त्याच्याही आधी वनखात्याची लेखी परवानगी, हे सांगायला नको.)

चिठ्ठीवर गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, दिव्याला आला की कुठल्या झाडावर मिळाला, कोणी धरला, एवढं हवंच. मी तरुणपणी एका देखण्या भुंगेऱ्याखाली 'घाट, जून' इतकंच लिहिलं होतं. तो अजून माझ्याकडे आहे, शोभेला. टाचणी उजव्या कडक पंखातून घाला. मधोमध घातली तर दोन्ही बाजू बिघडतात.

आता ओळख: भुंगेरा खरंच लांब मिशांच्या कुळातला आहे का? नुसत्या मिशांवर जाऊ नका. डोळा बहुधा घेवड्याच्या दाण्यासारखा वाकडा असतो आणि मिशी त्याच्या खाचेतून निघते. पावलाचे सांधे चार वाटतात, असतात पाच. चौथा इवलासा, तिसऱ्याच्या पाकळ्यांत दडलेला. चेहरा सरळ खाली उतरलेला असेल तर त्या कुळातलं लॅमिनी हे उपकुळ आधी तपासा. आंबा पोखरणारं आपलं भिरूड, बाटोसेरा रुफोमॅक्युलाटा, त्यातलंच.

खरा वेळ जातो तो यापुढे. कीटकशास्त्रज्ञ गहान यांचा 1906 चा ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसृष्टीवरचा खंड उघडा (लॅमिनी मात्र त्यात नाहीत), मग त्यानंतरचं त्या जीनसवरचं, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या गटावरचं, सगळं वाचा, आणि संग्रहालयातले मूळ नमुने (ज्यांवरून प्रजातींना नावं दिली ते), निदान त्यांचे फोटो, शेजारी ठेवून बघा. रंगावर विश्वास ठेवू नका: अंगावरची लव घासून जाते, जुना नमुना तेलकट होऊन काळवंडतो. नराच्या मिशा मादीपेक्षा बऱ्याचदा लांब असतात. मी एकदा दोन 'प्रजाती' वेगळ्या काढून ऐटीत बसलो होतो. निघाले नवरा-बायको!

म्हणून नराचं जननांग बघायचं. भुंगेरा गरम पाण्यात मऊ करा, पोटातून तो भाग अलगद काढा, 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये साफ करून ग्लिसरीनमध्ये तपासा. नंतर इवल्या कुपीत घालून त्याच टाचणीला लावा. वेगळ्या डबीत ठेवलेला भाग पुन्हा सापडत नाही, माझ्यावर विश्वास ठेवा.

खात्री पटली तर लिहायला बसा. एकच नमुना होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला बांधलेलं तो मूळ नमुना, त्याला लाल चिठ्ठी; त्याच प्रजातीचे बाकीचे पॅराटाइप. 1999 नंतरच्या नावांना मूळ नमुना नेमून देणं बंधनकारक आहे. वर्णन लांबलचक चालेल, पण जवळच्या प्रजातीपेक्षा हा वेगळा कशात, ते चार ओळींत आलंच पाहिजे. नाव विशेषण असेल तर जीनसच्या लिंगाप्रमाणे: बाटोसेरा स्त्रीलिंगी, म्हणून रुफोमॅक्युलाटा, म्हणजे तांबूस ठिपक्यांची. निबंध फक्त ऑनलाइन येणार असेल तर आधी झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंद करा.

होलोटाइप घरच्या कपाटात ठेवायचा नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या प्रजातीचा नमुना नेमलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. आपल्यासाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण. शक्यतो स्वतः नेऊन द्या. पोस्टानेच पाठवायचा झाला तर पेटीत डांबराची गोळी सुटी टाकू नका. ती वाटभर घरंगळते आणि पहिल्या मिशाच तुटतात.